एका मुलीविषयी सहा प्रकारची माहिती

दहिसरचा चेकनाका ओलांडून मीरा रोडच्या हद्दीत शिरले की महामार्गाच्या जवळच पेणकरपाडा लागतो. नावात 'पाडा' असला तरी आज ही मीरा-भाईंदर महानगरपालिकेतली दाट वस्ती आहे. इथल्या एखाद्या मराठी शाळेतला पाचवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणू या. काही मुलांच्या घरी मराठी बोलतात, काहींच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी. एका बाकावर अंजली बसली आहे. तिचे आईवडील जालन्याकडचे, बांधकामावर काम करणारे. घरची बोली बंजारा. हा वर्ग, अंजली आणि तिच्या बाई, सगळेच काल्पनिक आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात रोज उभा असतो.

सहामाहीत अंजलीला गणितात ५० पैकी ११ गुण मिळाले. मधल्या सुट्टीत चहा घेता घेता बाई म्हणाल्या, "मुलगी जरा मंदच आहे." शेजारचे सर म्हणाले, "मंद कसली, लक्षच नसतं तिचं." तिसऱ्या बाई म्हणाल्या, "घरी कुणी अभ्यास घेत नाही हो, दुसरं काही नाही."

चहा संपेपर्यंत तीन निदाने झाली. तिन्ही खरी असू शकतात, तिन्ही चूकही असू शकतात. पण एक मुलगी 'मंद' ठरली की तिच्याकडून अपेक्षा कमी होतात, तिला प्रश्न विचारणे कमी होते, आणि हा शिक्का पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांपर्यंत तिच्याआधी जाऊन पोहोचतो. म्हणून विचारायला हवे की या तीन निदानांना आधार कशाचा?

अशा आधारासाठी गोळा केलेल्या कच्च्या माहितीला संशोधनात आधारसामग्री म्हणतात. हल्ली सरसकट 'डेटा' हा शब्द रूढ झाला आहे. तारेची लांबी पट्टीने थेट मोजता येते. बुद्धी, अवधान, भीती, आवड यांना पट्टी लावता येत नाही. त्यांच्या खुणा तेवढ्या दिसतात, आणि खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने या खुणांचे तीन गट केले होते : जीवनातल्या नोंदी, प्रश्नावलीची उत्तरे आणि कसोटीतली कामगिरी. पुढे या यादीत भर पडत गेली. आपण सहा प्रकार पाहू या. प्रत्येक प्रकाराला अंजलीविषयी काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, तेही पाहू.

१. नोंदी

सर्वांत हाताशी असलेली सामग्री शाळेच्या कपाटात असते. हजेरीपट, गुणपत्रके, दाखले, आरोग्यतपासणीचे कार्ड. या नोंदी संशोधनासाठी केलेल्या नसतात, आणि हेच त्यांचे बळ. हजेरी घेताना कुणी अंजलीविषयी मत बनवत नव्हते.

समजा, बाईंनी गेल्या वर्षीचा हजेरीपट काढला. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत हजेरी चांगली. जानेवारीत ९ दिवस, फेब्रुवारीत ७. त्याच काळात चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकवून झाले होते. ११ गुणांकडे पाहण्याची नजर इथेच थोडी बदलते.

पण नोंद 'काय' ते सांगते, 'का' ते सांगत नाही. हजेरीपटातली 'गै' ही खूण आजारपणाचीही असते, गावी गेल्याचीही, आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिल्याचीही. शिवाय नोंद ठेवणाऱ्याच्या सवयी तिच्यात उतरतात. एखादी शाळा उशिरा आलेल्या मुलाला गैरहजर धरते, दुसरी धरत नाही. दोन शाळांची हजेरी ताडून पाहण्याआधी हे माहीत असावे लागते.

२. स्वतःचे सांगणे

मग अंजलीलाच विचारावे. बाई विचारतात, "तुला गणित आवडतं का?" अंजली म्हणते, "हो बाई." हे उत्तर आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि त्याची किंमत आपण जाणतो. मोठ्या माणसाने विचारले की मुले बहुधा त्याला हवे असलेले उत्तर देतात. मोठी माणसेही फार वेगळी नसतात.

स्वकथन, म्हणजे माणसाने स्वतःविषयी दिलेली माहिती, मानसशास्त्रात फार वापरली जाते. माणसाला आतून काय वाटते हे त्याच्याखेरीज कुणाला माहीत असणार? पण प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तर बदलते. आपल्या शेजारच्या गोव्यातले उदाहरण यासाठी उपयोगी आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तिथे 'संगत' ही संस्था सुरू केली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नैराश्य किंवा चिंतेने त्रासलेल्या माणसांना मदत कशी पोहोचवता येईल, हा त्यांच्या एका मोठ्या अभ्यासाचा विषय होता. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. अशी माणसे दवाखान्यात येऊन 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाहीत. ती झोप लागत नाही, अंग दुखते, थकवा येतो, 'टेन्शन' आहे, असे सांगतात. म्हणून रुग्ण शोधताना बारा प्रश्नांची एक छोटी, पारखलेली प्रश्नावली वापरली गेली, आणि त्यांच्याशी बोलताना रोगाच्या नावाऐवजी लोकांच्याच तोंडचा 'टेन्शन' हा शब्द वापरला गेला.

बाईंनीही प्रश्न बदलून पाहावा. "गणिताच्या तासाला काय काय होतं ते सांग बरं." यावर अंजली कदाचित म्हणेल, "बाई, फळ्यावरचं लिहून घेते. पण पुस्तकातलं गणित वाचलं की काय करायचं ते कळत नाही." आवडीनिवडीच्या प्रश्नातून हे कधीच बाहेर आले नसते.

३. इतरांचे सांगणे

अंजलीला ओळखणारी माणसे, म्हणजे आई, शेजारी, आधीच्या वर्गाच्या बाई, यांच्याकडून मिळते ती तिसरी सामग्री. या प्रकाराचे एक उत्तम उदाहरण नागपुरात घडले. तिथे ए. जे. मॅलिन यांनी अमेरिकेतल्या एडगर डॉल यांच्या 'व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी'चे भारतीय रूप तयार केले. त्यात जन्मापासून १५ वर्षांपर्यंतच्या वयासाठी ८९ बाबी आहेत. मूल स्वतःच्या हाताने जेवते का, कपडे घालते का, शेजारपाजारी एकटे जाते का, लहानसहान वस्तू विकत आणते का, अशा गोष्टी मुलाला न विचारता त्याच्या आईला किंवा सांभाळणाऱ्याला विचारायच्या. मुलाला परीक्षेला बसवायचे नसते. ते रोज काय करते ते विचारायचे असते.

अंजलीची आई सांगते, "भाजी तीच आणते. सुटे पैसे मोजून घेते. धाकट्याला अंघोळ घालते." 'मंद' या शब्दाला इथे पहिला मोठा तडा जातो.

पण सांगणाऱ्याचे मन सांगण्यात मिसळते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवले की वरिष्ठ अधिकारी एखाद्या सैनिकाला एका गुणात चांगला म्हणत, तेव्हा बाकीच्या गुणांतही त्याला चांगलाच म्हणत. एका गुणाची प्रभावळ बाकीच्या गुणांवर पडते. आपलेही तसेच होते. अक्षर सुंदर असलेला मुलगा आपल्याला हुशारही वाटतो आणि शिस्तीचाही. शिक्षकांनी भरलेली कोणतीही पडताळासूची वाचताना हे ध्यानात ठेवावे. ती सूची मुलाविषयी सांगते, तशीच थोडी शिक्षकांविषयीही सांगते.

४. निरीक्षण

"लक्षच नसतं तिचं" हे सरांचे विधान. यात 'लक्ष' म्हणजे काय? संशोधक आधी हे ठरवून घेतो. समजा, असे ठरवले की मुलीची नजर फळ्याकडे, वहीकडे, पुस्तकाकडे किंवा बोलणाऱ्याकडे असेल तर 'लक्ष आहे', एरवी 'लक्ष नाही'. वीस मिनिटे, दर मिनिटाला एकदाच पाहायचे आणि खूण करायची. दोन शिक्षकांनी वेगवेगळे बसून, एकमेकांच्या कागदाकडे न बघता हे करायचे.

वीसपैकी सतरा खुणा जुळल्या तर दोघांचे एकमत ८५ टक्के. ते याहून फार कमी आले, तर चूक अंजलीत शोधू नये. आपली व्याख्याच पक्की नाही असे समजावे.

असे निरीक्षण केल्यावर कदाचित दिसेल की तोंडी गणिते चालू असताना अंजलीची नजर बाईंवर खिळलेली असते, आणि 'पान ४२ वरचे उदाहरण सोडवा' म्हटल्यावर ती शेजारणीच्या वहीकडे वळते. लक्ष 'नसते' असे नाही. ते कधी असते आणि कधी नसते, हे आता कळले.

निरीक्षणाला एक अडचण कायमची आहे. कुणीतरी आपल्याला पाहते आहे हे कळले की माणूस बदलतो. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांच्या खुणा बऱ्याचदा बाजूला ठेवतात. पाहणाऱ्याची सवय झाली की मुले पुन्हा पहिल्यासारखी वागू लागतात.

५. कसोटी

सगळ्यांना ठरावीक प्रश्न, ठरावीक सूचना, ठरावीक वेळ. ही कसोटी. हिचा इतिहास आपल्या भाषेशी जोडलेला आहे. पॅरिसच्या शाळांत मागे पडणारी मुले वेळीच ओळखून त्यांना मदत द्यावी, यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात १९१६ साली तिची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात तीन ते दहा वर्षांच्या प्रत्येक वयपातळीला सहा प्रश्न होते. एक प्रश्न सुटला की दोन महिन्यांचे मानसिक वय पदरात पडे. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की बुद्धिगुणांक मिळे. दहा वर्षांच्या मुलीचे मानसिक वय आठ आले तर बुद्धिगुणांक ८०.

मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी या श्रेणीचे रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. ते काम १९३४ साली प्रसिद्ध झाले, आणि १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचे 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हे पुस्तक काढले. 'बिने-कामत कसोटी' या नावाने ती भारतात पुढे अनेक दशके वापरात राहिली आहे. प्रश्नांचे मराठी भाषांतर करून रूपांतर होत नाही. तो प्रश्न इथल्या सात वर्षांच्या मुलाला खरोखर सातव्या वर्षी सुटतो का, हे इथल्या पुष्कळ मुलांवर तपासावे लागते. याला प्रमाणीकरण म्हणतात.

प्रमाणीकरण एकदा केले की संपले असे होत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी आणे-पैवर रचलेला कोणताही प्रश्न त्यानंतरच्या मुलांना वेगळाच होऊन बसला. दुसरी गोष्ट, जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवले की अनेक देशांत पिढी-दर-पिढी कसोट्यांतले गुण वाढत गेले आहेत. अमेरिकेत ही वाढ दर दहा वर्षांमागे सुमारे तीन गुणांची होती. म्हणजे निकष जुने झाले की आजच्या मुलांचे आकडे फुगतात. उलट, कसोटीची भाषा घरची नसेल तर आकडे खाली येतात. अंजलीचे ८० गुण मोजताना आपण तिची बुद्धी मोजली की तिची मराठी?

शिवाय एकच कौशल्य ठिकाण बदलले की वेगळे दिसते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गिऱ्हाईक म्हणून मुलांशी व्यवहार केला तेव्हा त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तीच बेरीज-गुणाकाराची गणिते नुसत्या आकड्यांत मांडून दिली तेव्हा सुमारे ३७ टक्केच. कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा असाच एक मोठा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. व्यवहारात चोख हिशोब करणारी मुले पुस्तकी गणितात अडतात, आणि शाळेत गणित शिकलेली मुले बाजारात अडतात, असे त्यात दिसले. आईने सांगितलेले सुटे पैसे आणि सहामाहीतले ११ गुण, दोन्ही खरे असू शकतात ते असे.

६. शरीरातून मिळणारी माहिती

सहावी सामग्री रक्त, नाडी, डोळे, कान यांतून येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणी त्यांच्या आहाराची आणि रक्ताची तपासणी केली. पुढे त्यांची मुले वाढत गेली तसा मुलांचाही अभ्यास चालू ठेवला. मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना मानसशास्त्रीय कसोट्या दिल्या. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले टिकून लक्ष देण्याच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या कसोट्यांत मागे होती. बुद्धिमापनाच्या कसोटीत मात्र तसा फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

इथे सामग्रीचे दोन प्रकार नऊ वर्षांच्या अंतराने जोडले गेले. एकट्या रक्ताच्या तपासणीला लक्ष म्हणजे काय ते कळत नाही, आणि एकट्या कसोटीला लक्ष का कमी ते कळत नाही. अशा संबंधातून कारण सिद्ध झाले असेही लगेच म्हणता येत नाही. ब-१२ कमी असण्याबरोबर घरात आणखीही काही कमी असू शकते.

वर्गातल्या शिक्षकांनी रक्त तपासायचे नाही. पण फळा नीट दिसतो का, मागून हाक मारली तर ऐकू येते का, सकाळी काही खाऊन आली का, हे पाहता येते. कित्येक 'मंद' मुलांना फक्त चष्म्याची गरज होती, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

आकडा कोणत्या जातीचा?

या सहा झऱ्यांतून आलेली माहिती काही शब्दांत असते, काही आकड्यांत. आकडे दिसायला सारखे असले तरी त्यांच्या जाती वेगळ्या. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली त्या चार सांगितल्या.

अंजलीचा हजेरी क्रमांक २३. हे नुसते नाव. २३ हा क्रमांक ११ पेक्षा 'जास्त' नाही. वर्गातला तिचा गुणानुक्रम ३१ वा. यात पुढे-मागे कळते, पण पहिल्या आणि दुसऱ्या मुलातले अंतर तीसाव्या आणि एकतीसाव्यातल्या अंतराइतकेच असेल असे नाही. तिसरी जात तापमानाची. मुंबईत ३० अंश आणि महाबळेश्वरला १५ अंश असताना १५ अंशांचा फरक म्हणता येतो, पण मुंबई 'दुप्पट गरम' म्हणता येत नाही. कारण शून्य अंश म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. चौथी जात वेळ, लांबी, वजन यांची. तिथे शून्य खरे शून्य असते. उदाहरण सोडवायला दहा मिनिटे लागणे म्हणजे पाच मिनिटांच्या दुप्पट.

बुद्धिगुणांक फार तर तिसऱ्या जातीचा. १४० गुणांकाचा मुलगा ७० गुणांकाच्या मुलीच्या 'दुप्पट हुशार' नसतो, आणि शून्य बुद्धी अशी चीज कसोटीत नसते. 'मुळीच नाही ०, थोडे १, खूप २' अशा प्रश्नावलीतले आकडे तर बहुधा दुसऱ्याच जातीचे. त्यांची दशांश चिन्हापर्यंत सरासरी काढून दोन वर्गांची तुलना करणे म्हणजे गुणानुक्रमांची बेरीज करणे.

शब्दांतली माहिती कमी प्रतीची समजण्याचेही कारण नाही. मिचेल वाइस, मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डी. आर. डूंगाजी आणि सहकाऱ्यांनी मुंबईत कुष्ठरुग्णांचा केलेला अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. आजार कशाने झाला असे तुम्हाला वाटते, लोकांपासून काय लपवावे लागते, हे रुग्णांना त्यांच्या शब्दांत सांगू दिले. त्याच मुलाखतीत ठरावीक मुद्द्यांवर खुणाही केल्या. खुणांवरून इतर त्वचारोगांच्या रुग्णांशी तुलना करता आली. त्या खुणांमागे माणसाचे काय दुःख आहे, ते त्याच्या शब्दांवरून कळले.

सामग्रीचे प्रकार भांडतात तेव्हा

आपल्याला वाटते की सहाही प्रकारांनी एकच उत्तर द्यावे. प्रत्यक्षात ती जुळत नाहीत, आणि बऱ्याचदा त्या न जुळण्यातच उत्तर असते.

याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातलेच. विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९६ साली घेतला. ही मुले ओळखायची कशी? मुंबईतल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी मुलाची बुद्धिमापन कसोटी घेतात, अभ्यासक्रमावर आधारित वाचन-लेखन-गणिताची चाचणी घेतात, डोळे-कान तपासतात, शाळेचा अहवाल मागवतात आणि पालकांशी बोलतात. बुद्धिगुणांक सर्वसाधारण आणि वाचन-लेखन मात्र इयत्तेच्या दोन वर्षे मागे, अशी तफावत दिसली की या अक्षमतेची शक्यता धरतात. इथे निदान कोणत्याही एका आकड्यात नाही. दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

बौद्धिक अक्षमतेचेही तसेच. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातली व्याख्या बौद्धिक कार्य आणि रोजच्या जीवनातले समायोजन, दोन्हींत लक्षणीय मर्यादा असावी असे सांगते. म्हणजे कसोटी आणि घरच्यांचे सांगणे, दोन्ही हवे. भाजी आणून सुटे पैसे मोजून घेणाऱ्या मुलीवर केवळ एका आकड्याने शिक्का मारता येत नाही.

घरच्या भाषेची अडचणही आता थोडी हलकी झाली आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचनदोष ओळखण्यासाठी 'डाली' हा कसोटीसंच तयार केला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी त्यात चाळणीची साधने आहेत. शिक्षकांनी केलेली चाळणी हा आपला तिसरा प्रकार, आणि त्यानंतर तज्ज्ञ मुलाची घेतात ती वाचनाची कसोटी हा पाचवा. चाळणीत अडकलेले मूल म्हणजे दोष असलेले मूल नव्हे. त्याला पुढे तपासायचे, एवढाच तिचा अर्थ. आणि बंजारा बोलीच्या अंजलीला या चारही भाषा परक्याच, हे तेव्हाही विसरायचे नाही.

वर्गात करून पाहा

वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना हे पटवायला एक सोपा प्रयोग आहे. प्रत्येकाने कागदावर लिहावे : काल मी मोबाइल किती मिनिटे वापरला? हे स्वकथन. मग घरी कुणाला तरी विचारावे : मी काल किती वेळ मोबाइलवर होतो? हे इतरांचे सांगणे. शेवटी मोबाइलमध्येच ठेवलेली वापराची नोंद पाहावी. तीन आकडे एका ओळीत मांडावे. कागदावर नाव लिहू नये, आणि ज्याला सांगायचे नाही त्याला आग्रह करू नये. माणसाची माहिती त्याच्या परवानगीने घ्यायची, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे.

तिन्ही आकडे क्वचितच जुळतील. याच विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यातही सांगितलेला वेळ आणि नोंदलेला वेळ यांचा मेळ जेमतेमच बसला. मग वर्गात चर्चा घ्यावी. कोणता आकडा खरा? मोबाइलची नोंद बिनचूक म्हणावी, तर तोच मोबाइल धाकट्या बहिणीनेही वापरला असेल. आईचा अंदाज चुकीचा म्हणावा, तर ती मोजत असते ते तिच्या हाकेला उत्तर न आल्याचे क्षण. प्रत्येक आकडा कोणत्या तरी प्रश्नाचे बरोबर उत्तर असतो. तो प्रश्न कोणता, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.

आता पेणकरपाड्यातल्या आपल्या शिक्षक-खोलीत परत जाऊ. बाईंनी अंजलीसाठी वहीचे एक पान काढले आहे. त्यावर 'मंद' हा शब्द नाही. तिथे लिहिले आहे : 'गेल्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत बरीच गैरहजर. तोंडी हिशोब चांगला, बाजार करते. लेखी उदाहरणाचा मजकूर वाचताना अडते. तोंडी तासाला लक्ष असते. डोळे तपासायचे आहेत. वाचनाची चाळणी घ्यायची आहे.'

या पानावर निदान कुठेच नाही, ते तज्ज्ञांचे काम. पण उद्या सकाळी पहिल्या तासाला बाईंनी काय करायचे, हे त्यातून कळते. उदाहरण आधी मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि मग अंजलीला विचारायचे.